‘४,९९९ रुपयांत वेबसाइट’: पॅकेज उघडून पाहिल्यावर

पाच पानं, डोमेन मोफत, एक वर्षाचं होस्टिंग मोफत, लोगो मोफत, ‘अनलिमिटेड’ बदल, गुगलवर पहिल्या पानावर, आणि सगळं मिळून ४,९९९ रुपये. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा जाहिराती फिरत असतात. आकडा कधी हजाराने कमी, कधी दीड हजाराने जास्त, मजकूर तोच. नुकताच कोर्स संपवून स्वतःची कामं घेऊ लागलेला वेब डिझायनर आपला दर ठरवताना आधी हीच जाहिरात बघतो आणि त्यातून पाचशे कमी करून सांगतो. म्हणून हे परीक्षण दुकानदारासाठी आहेच, पण त्याहून जास्त त्या नव्या डिझायनरसाठी आहे. ते कुठल्या एका विक्रेत्याचं नाही, पॅकेज नावाच्या या मालाचं आहे.

निकाल आधीच सांगतो: जाहिरातीत आहे त्या स्वरूपात पाचपैकी दोन तारे. तारे कापले ते किमतीमुळे नाहीत. ४,९९९ हा दर खोटा नाही. त्या दराखाली जे काम लिहिलंय ते खोटं आहे. हा फरक कळला की स्वतःचा दर कसा काढायचा तेही कळतं.

आधी पैशांची फोड करू. आकडे धरून चाललेले आहेत, पण बाजाराला धरून आहेत. डॉट-इन डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, वर्षाला ६०० रुपये; साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची वाटून घेतलेली जागा, २,००० रुपये; दोन्ही जीएसटी धरून. ४,९९९ मधून हे २,६०० गेले की हातात उरतात २,३९९. पाच पानांची व्यवस्थित साइट करायला सवयीच्या माणसाला साधारण ४२ तास लागतात. ते कसे, ते पुढे येतंच. २,३९९ भागिले ४२ म्हणजे तासाला ५७ रुपये. विक्रेत्यालाही हा हिशोब कळतो. म्हणून तो ४२ तास देत नाही, आठ देतो. तयार टेम्प्लेट टाकायचं, दुकानाचं नाव बदलायचं, इंटरनेटवरचे फोटो लावायचे आणि लिंक पाठवून द्यायची. आठ तासांना २,३९९ म्हणजे तासाला ३००, आणि तो अगदी रास्त दर आहे. म्हणजे ४,९९९ ही एका पानाच्या साइटची प्रामाणिक किंमत झाली. वर दुकानाचं नाव आणि फोटो, खाली सेवा, नकाशा, फोन नंबर, व्हॉट्सॲपचं बटण. असं एक पान आठ तासांत नीट होतं. नव्या डिझायनरने हे पॅकेज जरूर विकावं, फक्त त्यावर ‘एक पान’ असं लिहून.

आता तासाला ३०० कुठून आले? इथे बहुतेक जण अंदाजाने आकडा सांगतात आणि तिथेच चुकतात. महिन्याचा खर्च कागदावर मांडा. राहणं-खाणं १६,०००. लॅपटॉप ५४,००० चा, तीन वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला १,५००. इंटरनेट आणि मोबाइल १,०००. वीज आणि इन्व्हर्टर १,०००. सॉफ्टवेअर, थीम (साइटचा तयार साचा), फॉन्ट यांसाठी १,०००. पेट्रोल १,५००, कारण भुसावळ किंवा चोपड्याच्या गिऱ्हाइकाकडे दोन-तीन फेऱ्या होतातच. झाले २२,०००. त्यावर आजारपण, रिकामा महिना आणि बचत यांसाठी ५,००० ठेवा. एकूण २७,०००.

आई-वडिलांच्या घरी राहणारी मुलं पहिली रक्कम शून्य धरतात. ती धरू नका. घरच्या छपराच्या आणि ताटाच्या जोरावर काढलेला दर म्हणजे गिऱ्हाइकाच्या वेबसाइटचा निम्मा खर्च आपल्या वडिलांनी भरणं. शिवाय असा दर एकदा गावात पसरला की दोन वर्षांनी संसार उभा राहिल्यावरही तो वाढवता येत नाही.

मग तास. महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २००. पण गिऱ्हाइकाच्या बिलात लावता येतात असे तास निम्म्याहूनही कमी असतात. बाकीचे दुकानात ताटकळण्यात, दरपत्रक करण्यात, फोनवर, वसुलीत, वीज गेल्यावर आणि नवं शिकण्यात जातात. सुरुवातीला ९० धरा. २७,००० भागिले ९० म्हणजे ३००. तुमचा खर्च वेगळा असेल तर आकडा २५० येईल किंवा ३५०, रीत तीच. दोनशे तासांनी भागलं तर १३५ येतात. सहा महिन्यांनी ‘काम भरपूर आहे पण पैसा दिसत नाही’ अशी जी अवस्था होते, तिचं मूळ या भागाकारात असतं.

पाच पानांच्या साइटचे ४२ तास असे मोडतात. पहिली बैठक आणि काय हवं ते लिहून घेणं ३ तास. मजकूर गोळा करून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसेल अशा टायपिंगमध्ये, आणणं ६. फोटो निवडून, कापून, हलके करणं ३. डोमेन, होस्टिंग, एसएसएल (साइट सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र) आणि ईमेल जोडणं २. मुख्य पानाची रचना ८, उरलेली चार पानं ८. मोबाइलवर तपासणी आणि दुरुस्ती ३. फॉर्म, नकाशा, व्हॉट्सॲप बटण २. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ५. गिऱ्हाइकाला शिकवून ताबा देणं २. बेचाळीस गुणिले ३०० म्हणजे १२,६००. त्यावर १५ टक्के अडीअडचणीचे, म्हणजे १४,४९०. दरपत्रकावर १४,५०० लिहा. डोमेन आणि होस्टिंग यात नाही. ते गिऱ्हाइकाच्या खात्यातून वेगळं.

नव्या माणसाला हेच काम करायला ६० तास लागतील. वरचे १८ तास बिलात लावायचे नाहीत. ती शिकण्याची किंमत आहे आणि ती आपली आपण सोसायची. दर रास्त ठेवायचा तर गिऱ्हाइकाच्या बाजूनेही रास्त हवा. म्हणून पहिल्या दोन-तीन कामांत घड्याळ लावून प्रत्येक टप्प्याचे तास वहीत लिहा. वर दिलेले आकडे तुमच्या हातात कुठे फुगतात ते चौथ्या कामापर्यंत कळेल, आणि तिथून पुढचं दरपत्रक तुमच्या वहीतून निघेल.

मजकुराचे सहा तास वाचून बरेच जण म्हणतील, एवढा वेळ कशाला? तर हे जवळून बघा. आपल्याकडचे जुने पॅम्फ्लेट, लेटरहेड, संस्थेचे अहवाल श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. डीटीपीवाल्याने दिलेली फाइल वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) चिकटवली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टरमधून काढली की मराठी दिसतं, पण रफार सरकतो: ‘मार्केट’चं ‘माकेर्ट’ होतं, ‘कार्यालय’चं ‘कायार्लय’. घाईत वाचताना डोळा ते दुरुस्त करूनच वाचतो, म्हणून चूक सुटते. गुगल मात्र ती दुरुस्त करून शोधेल याची खात्री नाही. वर जोडाक्षरं तुटतात, ‘ऱ्या’ बिघडतो. पंधराशे शब्द ओळीने, मोठ्याने वाचून तपासायला दोन बैठका लागतातच. मजकूर थोडाच असेल तर गिऱ्हाइकाकडून वाचून घेऊन मोबाइलवर बोलून टाइप केलेला लवकर होतो. आणि गिऱ्हाइकाने युनिकोड मजकूर तयार दिला तर दरपत्रकातून चार तास, म्हणजे १,२०० रुपये, उघडपणे कमी करा. सूट द्यायची असेल तर ती अशी द्यावी.

आणखी एक बारकावा, वेळ कमी लागतो पण फरक डोळ्याला दिसतो: पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा. फॉन्टमध्ये मराठी वळणं असतील तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या पद्धतीचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. टेम्प्लेटमध्ये भाषा इंग्रजीच राहून जाते. स्वस्त पॅकेजची साइट यावरूनही ओळखता येते.

आता पॅकेजमध्ये बिघडतं काय ते.

पहिलं आणि सगळ्यात वाईट: डोमेन विक्रेत्याच्या नावावर. मोफत दिलं म्हणजे त्याच्या खात्यातून, त्याच्या ईमेलवर नोंदवलं. दुसऱ्या वर्षी तो फोन उचलत नाही किंवा नूतनीकरणाला पुन्हा पाच हजार मागतो, आणि दुकानाचं नाव अडकतं. डॉट-कॉम डोमेनची मुदत संपली तर डोमेन कंपनीच्या नियमाप्रमाणे काही दिवस, जास्तीत जास्त साधारण ४५ दिवसांपर्यंत, नेहमीच्या दरात वाचवता येतं. त्यानंतरच्या ३० दिवसांत वाचवायला मोठा दंड पडतो. मग पाच दिवसांनी ते नाव कुणालाही घेता येतं. इलाज सोपा आहे. गिऱ्हाइकासमोर बसून, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या मोबाइल नंबरवर खातं उघडायचं, पैसे त्याच्या यूपीआयने भरायचे आणि पासवर्ड त्याच्याच वहीत लिहायचा. अर्धा तास लागतो. यामुळे दरपत्रकातला आकडाही स्वच्छ राहतो, कारण तुमच्या मेहनतीत दुसऱ्याचं बिल मिसळत नाही.

दुसरं, होस्टिंग. पहिल्या वर्षाचा किंवा तीन वर्षं एकदम भरल्याचा दर स्वस्त असतो, नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. दरपत्रकात ‘पहिल्या वर्षी इतके, दुसऱ्या वर्षापासून इतके’ असे दोन्ही आकडे लिहा. पॅकेजवाले खर्च वाचवायला वीस-पंचवीस गिऱ्हाइकांच्या साइट एकाच होस्टिंग खात्यात भरतात. त्या सगळ्या फाइली सर्व्हरवर एकाच वापरकर्त्याच्या नावावर असतात. त्यामुळे एका साइटमध्ये व्हायरस शिरला की तो सगळ्यांच्या फाइलींत लिहू शकतो. डाळ मिलच्या साइटवरच्या जुन्या प्लगइनमुळे (वर्डप्रेसला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) दवाखान्याची साइट जुगाराच्या जाहिरातींकडे जाऊ लागते ती अशी. त्यात थीम फुकट मिळवलेली, चोरीची असेल तर दार आतूनच उघडं असतं.

तिसरं, चौकशीचा फॉर्म. हा बिघाड कुणाच्या लक्षातच येत नाही. पाहुणा फॉर्म भरतो, ‘धन्यवाद’ दिसतं, आणि दुकानदाराला मेल येत नाही. कारण फॉर्ममध्ये ‘पाठवणारा’ म्हणून पाहुण्याचाच जीमेल पत्ता टाकलेला असतो. मेल निघतो मात्र होस्टिंगच्या सर्व्हरवरून. जीमेलच्या नावाने परक्या सर्व्हरने पाठवलेला मेल स्पॅममध्ये जातो किंवा नाकारला जातो. पाठवणारा पत्ता स्वतःच्या डोमेनचा ठेवा, पाहुण्याचा पत्ता ‘उत्तर द्या’च्या जागी टाका, एसएमटीपी (खात्यात लॉग-इन करून मेल पाठवण्याची सोय) जोडा, डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे मेल खरोखर आपल्याच डोमेनचा असल्याची खूण देणाऱ्या, नोंदी करा. मग दोन वेगळ्या मेल सेवांवर चाचणी पाठवून बघा. तासाभराचं काम आहे, पण साइटवर येणारं गिऱ्हाईक याच फॉर्मवर अवलंबून असतं.

फोटोंचंही तसंच. मोबाइलने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवला की सावदा-रावेरच्या शेतात उभं राहून साइट उघडणारा माणूस वाट बघत बसतो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, ही गुगलची ‘चांगला’ म्हणण्याची मर्यादा आहे. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात बदलून २०० केबीच्या आत आणला तर ते बहुतेक वेळा साधतं. ‘गुगलवर पहिल्या पानावर’ ही हमी तर कुणीच देऊ शकत नाही. प्रत्येक पानाला नेमकं शीर्षक आणि वर्णन देणं, साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) गुगलच्या सर्च कन्सोल या मोफत सेवेला जोडणं, एवढं देता येतं. ते दोन तासांचं काम म्हणून त्याच नावाने विका.

‘अनलिमिटेड’ बदल हे पॅकेजमधलं सगळ्यात महाग वाक्य आहे आणि नवे डिझायनर ते न विचारताच देऊन टाकतात. दोन फेऱ्या लिहा, आणि फेरी म्हणजे काय तेही लिहा: सगळे बदल एकदम, एका यादीत, पान आणि ओळ सांगून. व्हॉट्सॲपवर रात्री साडेदहाला येणारं ‘ते जरा निळं करून बघा ना’ ही फेरी नव्हे. मुख्य पानाच्या रचनेला लेखी होकार घेतल्याशिवाय बाकीची पानं सुरू करू नका. रचना शेवटी बदलली तर पाचही पानं पुन्हा करावी लागतात. दोन फेऱ्यांनंतर तासाला ३००, किमान एक तास.

गिऱ्हाइकागणिक दर बदलतो तो कामामुळे, शेठची गाडी पाहून नाही. जळगावच्या सराफाला रोजचा सोन्याचा भाव मुख्य पानावर हवा असतो. त्यासाठी त्याच्या माणसाला मोबाइलवरून आकडा भरता येईल अशी सोय करावी लागते, तीन-चार तास वाढतात. भाव रोज भरणार कोण हे दरपत्रकात लिहिलं नाही तर ते काम तुमच्याच गळ्यात पडतं. केळी निर्यातदाराला इंग्रजी साइट लागते, प्रमाणपत्रांच्या प्रती, बॉक्सच्या वजनाची आणि पॅकिंगची माहिती लागते. तिथे रचनेपेक्षा मजकुराचे तास जास्त.

बचतगटाचे बिबडे, पापड, शेवया ऑनलाइन विकायचे असतील तर ४२ तासांवर असे वाढवा: वीस वस्तू चढवायला प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे सुमारे ७ तास. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा) आणि त्याचं केवायसी ५, वजनाप्रमाणे कुरिअरचे दर ४. परतावा, डिलिव्हरी, गोपनीयता यांची पानं ३, कारण ती नसतील तर गेटवेचा अर्ज अडकतो. चाचणी ऑर्डर ४, ताईंना शिकवणं ४. झाले ६९ तास. २०,७०० आणि १५ टक्के मिळून २३,८०० च्या आसपास. एफएसएसएआय (खाद्यपदार्थ विक्रीच्या नोंदणीचा) क्रमांक आधी मागून घ्या. आणि बिबडे वाटेत मोडले तर पैसे परत की माल परत, हे गटाकडून आधीच ठरवून घ्या. परताव्याचं पान त्याशिवाय लिहिता येत नाही.

घासाघीस होणारच. ‘भाऊ, काही तरी कमी करा’ याला उत्तर म्हणून दर कमी करू नका, काम कमी करा. पाच पानांची तीन पानं, किंवा मजकूर गिऱ्हाइकाने टाइप करून द्यायचा, किंवा फोटोंची छाटणी त्याच्याकडे. १४,५०० चे १०,००० ‘तुमच्यासाठी’ म्हणून केले की समोरच्याला एवढंच कळतं की आधीचा आकडा फुगवलेला होता. पहिल्या दोन गिऱ्हाइकांना ओळखीची सूट द्यायचीच असेल तर बिलावर पूर्ण रक्कम छापा आणि खाली सूट वेगळी दाखवा. त्याच्या ओळखीने येणारा तिसरा माणूस पूर्ण रक्कमच बघेल.

पैसे घेण्याची वाटणी ४०-४०-२० ठेवा: सुरुवातीला, मुख्य पान मंजूर झाल्यावर, आणि साइट त्याच्या डोमेनवर चढवण्याआधी. शेवटचे वीस टक्के साइट चालू झाल्यावर मागितले की ‘आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊ द्या’, ‘कापूस विकला की देतो’ सुरू होतं. त्यात खोटेपणा असतोच असं नाही. कृषी सेवा केंद्र किंवा जिनिंगवाल्याचा पैसा खरंच हंगामाने फिरतो. म्हणून त्यांचं काम हंगामाच्या आधी नव्हे, पैसा येतो तेव्हा सुरू करा. मजकूर पंधरा दिवसांत आला नाही तर काम थांबेल आणि पुढच्या रिकाम्या तारखेला सुरू होईल, ही ओळही टाका. अर्धवट साइट बहुतेक करून मजकुराअभावी पडून राहतात.

दरपत्रक एका पानाची पीडीएफ, मुदत १५ दिवस. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही. नोंदणीशिवाय तो वसूल करणं बेकायदा आहे. मोठी कंपनी टीडीएस कापून पैसे देईल, तेव्हा पॅन बिलावर असू द्या आणि कापलेली रक्कम आपल्या नावावर जमा दिसते का ते तपासा.

दुसऱ्या वर्षापासूनची देखभाल पॅकेजमध्ये ‘रिन्यूअल’ या एका शब्दात गुंडाळलेली असते. ती उघडी करा. महिन्याला एक तास: वर्डप्रेस आणि प्लगइन अद्ययावत करणं, बॅकअप घेणं, फॉर्मची चाचणी, एसएसएल प्रमाणपत्र आणि मुदतीच्या तारखा बघणं. मोफत एसएसएल प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं, पण ते कधी अडलं तर साइट उघडताना धोक्याची पाटी येते. वर्षाचे १२ तास, ३,६०० रुपये. सहा महिन्यांतून एकदा बॅकअप खरोखर परत चढवून बघा. न तपासलेला बॅकअप ऐन वेळी उघडत नाही.

काही गिऱ्हाइकांना पॅकेज नको आणि १४,५०० ची साइटही नको, हेही सांगायला हवं. गल्लीतली पिठाची गिरणी, पंक्चरवाला, भरीत-पुरीची गाडी यांना गुगलवरची व्यवसाय नोंद पुरते आणि ती मोफत आहे. त्या नोंदीसोबत मिळणारी छोटी वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, त्यामुळे जुन्या पाट्यांवरच्या काही लिंक आता चालत नाहीत. पण नकाशा, वेळ, फोटो, फोन सगळं आहे. नोंद करून देणं, पडताळणीचा व्हिडिओ काढून घेणं, दहा चांगले फोटो चढवणं, सुट्टीच्या वेळा भरणं आणि मालकाच्या मोबाइलवर ताबा देणं याला दोन तास लागतात. त्याचे ६०० रुपये घ्या, आणि तेही रोख न घेता यूपीआयने, बिल देऊन.